स्क्रीनवरच्या ठिपक्यावर किती विसंबायचं?

विमान वाहतूक नियंत्रणात रडारसमोर बसणाऱ्या नव्या पोरांना मी पहिली सवय लावतो ती एका प्रश्नाची. जे दिसतंय ते कुणी सांगितलं?

ठिपक्यापासून सुरुवात करा. लांब पल्ल्याचं रडार एका फेरीला 12 सेकंदांच्या आसपास घेतं. 480 नॉटने जाणारं विमान तेवढ्यात दीड सागरी मैलाच्या वर सरकतं, आणि दोन विमानांमध्ये आपण राखतो ते अंतर 5 मैलांचं. एडीएस-बी, म्हणजे विमानाने स्वतःची जागा प्रसारित करण्याची यंत्रणा, सेकंदागणिक ताजी जागा देतं, पण ती विमानच जीपीएसवरून सांगतं. जीपीएसला कुणी फसवलं, तर विमान अगदी प्रामाणिकपणे खोटं बोलतं. रडार आहे तिथे दोन्ही ताडून बघा.

यंत्राचं ऋणही मान्य करा. एकदा मी लेव्हल 310, म्हणजे 31,000 फूट, दिली, वैमानिकाने रीडबॅकही (सूचना परत म्हणून दाखवणं) 310 चाच दिला, पण कॉकपिटमध्ये आकडा लागला 330. 320 वर समोरून दुसरं विमान येत होतं. मोड एसमुळे (विमानाकडून जास्तीची माहिती रडारला देणारी पद्धत) कॉकपिटमध्ये निवडलेली उंची ठिपक्याशेजारच्या लेबलात उमटते, म्हणून विमान 300 सोडतानाच मला ती दिसली. विचारलं, दोन सेकंद शांतता, मग 330 चे 310 झाले. जुन्या रडारवर हे कळेपर्यंत ते 310 ओलांडून गेलं असतं.

ड्यूटी घेताना काय चालू आहे ते नंतर. आधी काय बंद आहे ते विचारा. 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनवर दोन विमानं धडकली, 71 माणसं गेली. टक्कर-इशाऱ्याची स्क्रीनवरची सूचना दुरुस्तीमुळे बंद होती, कंट्रोलर एकटा दोन स्क्रीन सांभाळत होता. एका विमानाला टीकॅस, म्हणजे विमानातलंच टक्कर टाळणारं यंत्र, ‘वर चढा’ सांगत असताना त्याने ‘खाली उतरा’ सांगितलं. म्हणून वैमानिकाने ‘टीकॅस आरए’ (टीकॅसने हालचालीचा आदेश दिलाय) असं कळवलं, की मग त्याला उलटी सूचना द्यायची नाही. टीकॅसचंच चालू द्यायचं.

बॅकअप आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. 28 ऑगस्ट 2023 ला ब्रिटनमध्ये एका फ्लाइट प्लॅनमध्ये मार्गावरच्या ठिकाणाचं सांकेतिक नाव ‘डीव्हीएल’ दोनदा आलं: एक फ्रान्समधलं, एक अमेरिकेतलं. फ्लाइट प्लॅन हाताळणारी मुख्य यंत्रणा गोंधळून थांबली. बॅकअपचं सॉफ्टवेअर तेच, तोही थांबला. जुळ्या भावाला साक्षीला बोलावलं, तर तो वेगळं काय सांगणार!

म्हणून सिम्युलेटरवर अधूनमधून रडार बंद करून कागदी स्ट्रिपवर (प्रत्येक विमानाची माहिती हाताने लिहायची पट्टी) अर्धा तास वाहतूक चालवा. पेनं दोन ठेवा. एक नेमकं तेव्हाच संपतं.