जुनी मारुती ८०० पुन्हा रस्त्यावर आणताय? या चुका टाळा

दर थोड्या दिवसांनी फोनवर कुणाचा तरी फोटो येऊन पडतो. शेडखाली धूळ खात उभी असलेली मारुती ८००, चारही टायर बसलेले, बॉनेटवर मांजराच्या पावलांचे ठसे. खाली प्रश्न: "काका, घेतली एकदाची! कलर कुठला मारू?" इंजिन एकदाही फिरवून पाहिलेलं नसतं, ब्रेक ऑइलची डबी कोरडी असते, कागद कुणाच्या नावावर आहेत याचा पत्ता नसतो, आणि पहिला प्रश्न रंगाचा.

या गाडीच्या मागे लागण्यात गैर काही नाही. साधी, हलकी आणि घरच्या घरी समजून घेता येईल अशी गाडी आहे. सुझुकीने जपानमध्ये १९७९ साली आल्टो आणली, तिचं निर्यातीसाठी मोठं इंजिन टाकलेलं रूप म्हणजे आपली पहिली ८००, एसएस८०. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात ठेवली. मालकाच्या पश्चात तीच गाडी घराबाहेर उन्हापावसात गंजत पडली होती, शेवटी कंपनीनेच ती नीट करून घेतली. गंज इतिहास बघत नाही. १९८६ साली नव्या बॉडीची एसबी३०८ आली आणि वरवरचे बदल होत २०१४ च्या सुरुवातीपर्यंत निघत राहिली. इंजिन दोन्हींत एकच: एफ८बी, तीन सिलिंडर, ७९६ सीसी.

म्हणूनच लोक फसतात. "इंजिन सेमच आहे ना, मग एसएस८० घेऊ, ती जास्त जुनी, जास्त भारी." इंजिनाचे पार्ट मिळतील हो, पण तिच्या काचा, दारं, ग्रिल, मागचे लाईट एसबी३०८ ला लागत नाहीत आणि एसबी३०८ चे हिला लागत नाहीत. पहिलीच गाडी असेल तर एसबी३०८ घ्या. एसएस८० घ्यायचीच असेल तर काचा आणि लाईट शाबूत असलेलीच घ्या, मग इंजिन जाम का असेना. जाम इंजिन सुटतं, फुटलेली मागची काच शोधण्यात दिवाळ्या जातात.

आता माझ्या डोक्यात जाणाऱ्या दोन चुका. पहिली: गंजावर पुट्टी.

एका ओळखीच्यांनी रत्नागिरीकडची एक गाडी घेतली. लालभडक रंग, आरशासारखं पॉलिश, आत नवं मॅटिंग. विकणाऱ्याने "फुल रिस्टोअर्ड" म्हणून भरपूर पैसे घेतले होते. टायर बदलायचे म्हणून दाराखालच्या पट्टीला जॅक लावला, दोन पीळ दिले, आणि गाडी वर जाण्याऐवजी जॅकच आत गेला. पापड मोडल्यासारखा आवाज झाला. खाली वाकून बघितलं तर अंगठ्याएवढ्या जाडीची पुट्टी तडकून पडली होती, आणि तिच्या मागे पत्र्याच्या जागी वर्तमानपत्राचे बोळे. ओले. पावसाचं पाणी दारातून झिरपून तिथेच साठत होतं आणि कागद ते धरून ठेवत होता, म्हणजे शेजारचा चांगला पत्रासुद्धा आतून खाल्ला जात होता. वरचा रंग मात्र अजून चकाकत होता.

हे काम करणाऱ्या डेंटरला मी फार दोष देत नाही. गिऱ्हाईकच सांगतं, गणपतीच्या आत पाहिजे आणि इतक्या पैशांत बसवा. इतक्या पैशांत हेच बसतं.

गाडी बघायला जाताना मी खिशात एक चुंबक आणि जुना स्क्रूड्रायव्हर ठेवतो. चुंबकाला कापड गुंडाळायचं, नाहीतर रंग ओरखडतो आणि मालक ओरडतो. दाराखालची पट्टी, मागच्या चाकांवरची कमान, दारांच्या खालच्या कडा, जिथे चुंबक सैल पडेल तिथे पुट्टी आहे. मग मॅटिंग उचलायचं. मालक "साहेब, ते चिकटवलंय" म्हणाला तर आवर्जून उचलायचं. पायाखालचा फ्लोअर, बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा आणि स्टेपनीचा खड्डा या तीन जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं तर किमतीचं बोलणं नव्याने सुरू करा, किंवा चहा पिऊन निघा.

गंजलेला पत्रा कापून काढायचा आणि तेवढ्याच जाडीचा नवा वेल्ड करायचा, याला पर्याय नाही. पातळ पत्र्याला सीओटू वेल्डिंग करणारा माणूस शोधा, आणि त्याला एका दमात लांब टाके मारू देऊ नका, पत्रा तापून वाकतो. थोडं इथे, थोडं तिथे, मध्ये गार होऊ द्यायचं. मग झिंकचा प्रायमर, मग जोडावर नखाएवढी पातळ पुट्टी. पुट्टी फक्त लेव्हलसाठी असते, भोकं बुजवायला नाही. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती रंगवाल्याकडून हमखास बुजतात. गाडी ताब्यात घेताना मी काडी घेऊन बसतो आणि एकेक मोकळं करतो. रंगवाले हसतात, हसू द्या.

गंज न काढता वरून रबराचं काळं अंडरकोटिंग मारून घेणं हा त्याच चुकीचा धाकटा भाऊ. ओल आत कोंडली जाते आणि दोन पावसाळ्यांत कोटिंग पत्र्यासकट गळून पडतं.

दुसरी चूक थर्मोस्टॅटची. "साहेब, आपल्या हवेला त्याची गरजच नाही, काढून टाकला," हे वाक्य महाराष्ट्रातल्या गॅरेजांमध्ये इतक्या आत्मविश्वासाने बोललं जातं की नवखा माणूस मान डोलावतो. थर्मोस्टॅट इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे सोडत नाही. तो काढला की इंजिन तापायला फार वेळ लागतो, चोक ओढून ठेवावा लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि जळायचं राहिलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. त्याहून वाईट म्हणजे अर्धा चोंदलेला रेडिएटर त्यामुळे झाकला जातो. शहरात गाडी "मस्त थंड" चालते आणि घाटात खरं रूप दाखवते.

एका मुलाने आत्याची साताऱ्यातली एसबी३०८ घेतली. रंग झाला, सीट कव्हर झाले, म्युझिक सिस्टीम बसली. पाण्याच्या बाजूला हात लावलेला नव्हता, कारण काटा कधी वर जात नव्हता. पहिलीच मोठी फेरी वाईहून पाचगणी. पसरणी घाटातून त्याचा फोन.

"काका, काटा लालच्या जवळ आलाय. पण तीनच किलोमीटर राहिलेत."

"आत्ताच्या आत्ता बाजूला घे. बंद कर. कॅपला हात लावू नकोस."

"हळूहळू नेतो की."

हळूहळू नेली. मग वाफ आली, मग घाबरून गरम रेडिएटरची कॅप फडक्याने उघडली. हात भाजला नाही हे नशीब. मग बाटलीतलं गार पाणी आत ओतलं. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं. इतकं तापल्यावर हेड वाकायला वेळ लागत नाही, आणि त्यात गार पाण्याचा झटका म्हणजे उरलंसुरलं कामही पूर्ण.

हेड उतरवलं तेव्हा गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग, दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मधल्या जागी जळून आरपार गेलेलं. हेडवर सरळ पट्टी उभी धरून मागून टॉर्च मारला तर मधोमध उजेडाची रेघ दिसत होती. थर्मोस्टॅटच्या जागी नुसतं घर. रेडिएटरच्या नळ्यांमध्ये बोअरच्या पाण्याचा पांढरा-तपकिरी थर, निम्म्याहून जास्त नळ्या बंद. आणि पंखा? रेडिएटरचा विजेवरचा पंखा तापमानाच्या स्विचवरून सुरू व्हायला हवा, तर कुणीतरी तो स्विच सोडून किल्लीवर डायरेक्ट केला होता. ताप लपावा म्हणून थर्मामीटर फोडावा, तसला सगळा कारभार.

माझी पद्धत साधी आहे. जुनी ८०० आली की आधी पाण्याची सगळी बाजू नवी करायची: थर्मोस्टॅट, सगळे होज पाईप, क्लिपा, रेडिएटर कॅप. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर टाकी उघडून नळ्या सळईने साफ करणारे कारागीर अजून आहेत, त्यांच्याकडे द्या. नव्या थर्मोस्टॅटवरही माझा विश्वास नाही. घरच्या गॅसवर जुन्या पातेल्यात पाणी ठेवतो, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध लोंबता सोडतो आणि त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडतो का ते बघतो. डुप्लिकेट माल इथे पकडला जातो. घरच्यांची बोलणी खावी लागतात, पण हेड फेसिंगपेक्षा, म्हणजे वाकलेलं हेड मशीनवर घासून सपाट करण्यापेक्षा, स्वस्त पडतं. पाणी डिस्टिल्ड, कूलंट डबीवर लिहिल्या प्रमाणात, आणि भरल्यावर इंजिन चालू ठेवून वरचा होज हाताने तपासायचा. बराच वेळ कोमट राहून तो एकदम गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला. मग पंखा आपोआप लागेपर्यंत थांबायचं. तो लागल्याशिवाय मी गेटबाहेर जात नाही.

हेड फेसिंगला देणार असाल तर आधी किती वेळा झालंय ते विचारा. दरवेळी थोडी जाडी जाते, आणि ती परत येत नाही.

आता बाकीच्या चुका भराभर.

गाडी स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, टिकत नाही म्हणून थेट कार्बोरेटर उघडणं. आधी डेल्को उघडा, म्हणजे डिस्ट्रिब्युटर. पॉइंट जळलेला, कंडेन्सर मेलेला, कॅपला तडा. त्यानंतर व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्या बघा, कडक होऊन चिरलेल्या असतात. एवढं नीट असेल तरच कार्बोरेटर. यूट्यूब बघून सगळे स्क्रू अंदाजाने फिरवलेले कार्बोरेटर माझ्याकडे येतात, आणि "काहीच केलं नाही काका, फक्त साफ केला" असं सांगत येतात.

पेट्रोलचे जुने पाईप तसेच ठेवणं. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. ते फुगतं, मऊ पडतं, घामेजतं. इथेनॉलला चालणारे होज टाका. इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा पडदाही बदला. तो फाटला तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये जातं, म्हणून डिपस्टिक नुसती बघू नका, नाकाशी धरा. ऑइलची पातळी आपोआप वाढली तर आनंद मानू नका. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या गाडीतलं जुनं पेट्रोल आधी काढून टाका, टाकीत टॉर्च मारा, मग किल्ली फिरवा.

टायमिंग बेल्ट "दिसायला चांगला आहे" म्हणून ठेवणं. कधी बदलला याचं बिल नसेल तर तो बदललेलाच नाही. त्यामागचे ऑइल सील त्याच वेळी.

ब्रेकचं काम शेवटी ठेवणं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर आतून गंजून जाम होतात. गाडी चालू व्हायच्या आधी ती थांबली पाहिजे.

स्टार्टर नुसता टक टक करतो म्हणून नवी बॅटरी. बॅटरीपासून बॉडीला आणि गिअरबॉक्सला जाणारी अर्थची पट्टी आधी घासा.

१२ इंची रिम काढून मोठे अलॉय टाकणं. छोटं इंजिन, पॉवर स्टिअरिंग नाही, आणि वर रुंद टायर. स्टिअरिंग जड होतं, पूर्ण वळवल्यावर टायर घासतो, स्पीडोमीटर खोटं बोलतो. फोटोसाठी घ्या, चालवायला जुनेच ठेवा. टायरवरचा चार आकडी कोड वाचायला शिका, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक आहे म्हणजे टायर जिवंत आहे असं नाही.

कागद. १९८४ ची गाडी "व्हिंटेज" म्हणून सुटेल असं सांगणारे भेटतात. सरकारी नियमात व्हिंटेजला ५० वर्षं लागतात. तोवर १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणी आणि पुनर्नोंदणी. शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० चं ५,००० रुपये झालं, २० वर्षांवरच्या कारला २०२५ पासून १०,०००. पर्यावरण कर वेगळा, मुदत उलटून गेली असेल तर दंड वेगळा. १९८९ च्या आधीचे, एमएच-१२ वगैरे सुरू व्हायच्या आधीचे तीन अक्षरी नंबर अनेकदा ऑनलाइन नोंदीत दिसतच नाहीत. ती नोंद आधी विकणाऱ्याकडून चढवून घ्या, मग पैसे द्या. चासी नंबर स्वतः पुसून, वाचून आरसीशी ताडा. ज्या जागी नंबर कोरलाय तिथे ताजा रंग किंवा पुट्टी दिसली तर व्यवहार तिथेच सोडा.

सुटे भाग घ्यायला जाताना जुना पार्ट सोबत न्या. नाना पेठेत नुसतं "एट हंड्रेडचा द्या" म्हटलं की काउंटरवर चार वेगवेगळ्या डब्या येतात आणि चारही "हाच बसतो" असतात. पुण्यातल्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी सकाळी लवकर गेलात तर दाराची हँडलं, आरसे, कधीमधी अख्खा डॅशबोर्डसुद्धा मिळतो. आणि नवा पार्ट बसवून महिनाभर गाडी चालवेपर्यंत जुना भंगारात देऊ नका. डुप्लिकेट निघाला तर जुनाच घासूनपुसून परत लावायची वेळ येते.