काउंट नॉर्मल आहे, पण दुखणं कधीचं?

पोटदुखीचं मूल कॅज्युअल्टीत आलं की सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि सीआरपी (शरीरात सूज आली की रक्तात वाढणारं प्रथिन) पाठवायला कुणाला शिकवावं लागत नाही. रिपोर्ट वाचायला मात्र शिकावं लागतं. अपेंडिक्सच्या बाबतीत खरा घोळ वेळेचा होतो. मी तिथेच अडकले होते, म्हणून जरा लांबण लावते.

अपेंडिक्सला सूज आली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी (त्यांची संख्या म्हणजेच ‘काउंट’) आणि त्यांतल्या न्यूट्रोफिल पेशी लवकर वाढतात. सीआरपी यकृतात तयार होतं. ते वाढायलाच ६ ते १२ तास जातात, आणि सर्वांत वर पोचायला दोनेक दिवस. संध्याकाळी सहाला दुखायला लागलं आणि रात्री नऊला रक्त घेतलं, तर सीआरपी ३, म्हणजे नॉर्मल, येण्यात नवल काय? त्या ३ वर मुलाला घरी पाठवू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच आकडा आला तर त्याला वजन आहे, आणि काउंटही नॉर्मल असेल तर शक्यता बरीच कमी होते. तरीही संपत नाही.

म्हणून केस पेपरवर दोन वेळा शेजारी-शेजारी लिहा: दुखणं सुरू झालं कधी, रक्त घेतलं कधी. ‘कालपासून’ असं मोघम नको. आईला विचारा, शाळेचा डबा संपवला होता का? रात्री जेवला का? झोपेतून उठून रडला का? तास बरोबर सापडतो. शंका राहिली तर मुलाला ठेवून घ्या, सहा-आठ तासांनी त्याच डॉक्टरने पोट पुन्हा तपासावं आणि रक्त पुन्हा पाठवावं. ठेवून घेण्यात कमीपणा नाही.

उलट बाजूही आहे. १६,००० काउंट न्यूमोनियातही येतो, दम्यासाठी स्टेरॉइड चालू असलं तरी येतो. तीन वर्षांच्या मुलाचा १३,००० त्या वयाला नॉर्मल असू शकतो, पण बऱ्याच रिपोर्टांवर मोठ्यांची ४,००० ते ११,००० ही मर्यादा छापलेली असते. सीआरपीचं एकक दर वेळी बघा, मिलिग्रॅम प्रति लिटर की प्रति डेसिलिटर. दहापट फरक पडतो. लघवीत थोड्या पू-पेशी दिसल्या की लगेच युरिन इन्फेक्शन ठरवून मोकळे होऊ नका. सुजलेलं अपेंडिक्स मूत्राशयाला टेकलं तरी त्या येतात.

अपेंडिक्सची शक्यता गुणांत मोजणारे मोबाइलवरचे स्कोअर कॅल्क्युलेटर मला पटत नाहीत, कारण पोटाला हात लावायच्या आधीच बेरीज होते. २००२चा पेडिएट्रिक अपेंडिसायटिस स्कोअर नीट वाचा: १० पैकी रक्ताला फक्त २ गुण. खोकताना किंवा उडी मारताना दुखण्यालाच २, उजवीकडे खाली दाबल्यावर दुखण्याला आणखी २. ‘काउंट किती?’च्या आधी ‘उडी मारायला लावलीस का?’ विचारणारा सीनियर मिळाला तर त्याच्या मागे-मागे फिरा.

पाचच्या आतलं मूल असेल तर मात्र दुसऱ्या रिपोर्टची वाट बघत बसू नका. या वयात दुखणं नीट सांगता येत नाही आणि अपेंडिक्स फुटल्यावरच निदान होण्याचं प्रमाण मोठं आहे. सर्जनला तेव्हाच फोन करा, सोनोग्राफी सांगा. आणि वेदनाशामक द्या. त्याने निदान झाकलं जात नाही, उलट शांत मुलाचं पोट नीट तपासता येतं.