कॉलेज आइस हॉकीतला सर्वोत्तम गोलकीपर ठरवताना या चुका टाळा

अमेरिकेतील कॉलेज आइस हॉकीत साखळी सामने संपत आले की प्रत्येक लीगच्या ऑल-लीग संघाची, म्हणजे त्या हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीची, चर्चा सुरू होते. पहिल्या संघात तीन फॉरवर्ड आणि दोन डिफेन्समन निवडले जातात, पण गोलकीपरची जागा एकच असते. म्हणूनच इथे निवड चुकली, तर वर्षभर उत्तम खेळलेल्या खेळाडूवर सरळसरळ अन्याय होतो.

सर्वांत मोठी आणि सर्रास होणारी चूक म्हणजे गोल्स अगेन्स्ट ॲव्हरेज, म्हणजेच ६० मिनिटांमागे स्वीकारलेले गोल, एवढे एकच पाहून क्रम लावणे. २०२१-२२ च्या हंगामात मिनेसोटा स्टेटच्या ड्रायडन मॅकेची ही सरासरी १.३१ होती आणि नॉर्थईस्टर्नच्या डेव्हन लेवीची १.५४. एवढ्यावरून मॅके सरस वाटतो. पण त्याने अंगावर आलेल्या फटक्यांपैकी ९३.१ टक्के अडवले होते, तर लेवीने ९५.२ टक्के. हे दोन आकडे एकत्र मांडले की खरे चित्र दिसते: दर ६० मिनिटांना मॅकेकडे साधारण १९ फटके येत होते आणि लेवीकडे ३२. मॅकेच्या पुढचा बचाव इतका भक्कम होता की प्रतिस्पर्ध्यांना पक (खेळातली रबरी चकती) गोलाजवळ आणणेच कठीण जाई, आणि त्या बचावाचे श्रेय १.३१ या आकड्यात मिसळलेले आहे. त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार मॅकेला मिळाला, तर सर्वोत्तम गोलकीपरचा माइक रिक्टर पुरस्कार लेवीला, आणि माझ्या मते गोलकीपर म्हणून लेवीची झालेली निवड योग्यच होती. यात मॅकेला कमी लेखण्याचा हेतू नाही. दहा-दहा मिनिटे पकला स्पर्शही न होता उभे राहायचे आणि अचानक एकट्याने चाल करून आलेल्या फॉरवर्डला अडवायचे, हे काम वेगळ्या प्रकारे अवघड आहे.

मात्र अडवलेल्या फटक्यांच्या टक्केवारीलाच अंतिम शब्द मानणे हीदेखील चूक आहे. ब्लू लाइनवरून (गोलापासून बऱ्याच दूर असलेल्या निळ्या रेषेवरून), समोर कोणाचाही अडथळा नसताना आलेला फटका आणि गोलासमोरून आडव्या आलेल्या पासवर क्षणात मारलेला फटका, हे दोन्ही नोंदवहीत सारखेच मोजले जातात. ज्याचा संघ वारंवार पेनल्टी ओढवून घेतो आणि त्यामुळे कमी खेळाडूंनिशी खेळतो, त्या गोलकीपरला दुसऱ्या प्रकारचे फटके अधिक झेलावे लागतात. म्हणून दोन्ही संघांचे खेळाडू समसमान असतानाची टक्केवारी वेगळी काढून पाहावी. शिवाय फटके मोजण्याचे काम यजमान संघाच्या रिंकवरची माणसे करतात आणि बाहेर जाणारा, पण गोलकीपरच्या ग्लोव्हला लागलेला पक कुठे मोजला जातो, तर कुठे नाही. घरच्या आणि बाहेरच्या सामन्यांतील आकड्यांत मोठी तफावत दिसली, तर बाहेरच्या आकड्यांवर अधिक विश्वास ठेवावा.

किती फटके झेलले, याकडेही दुर्लक्ष होते. समजा, लीगची सरासरी ९१ टक्के आहे. एकाने ६०० फटक्यांपैकी ९२.५ टक्के अडवले, म्हणजे ४५ गोल स्वीकारले; सरासरी गोलकीपरने ५४ स्वीकारले असते. दुसऱ्याने ४०० फटक्यांपैकी ९३ टक्के अडवले, म्हणजे ३६ च्या जागी २८ गोल स्वीकारले. टक्केवारीत दुसरा पुढे असला, तरी पहिल्याने संघाचे नऊ गोल वाचवले आणि दुसऱ्याने आठ. मात्र एका गोलाचा फरक आपल्याच डिफेन्समनच्या स्केटला लागून वळलेल्या पकनेही पडू शकतो, त्यामुळे अशा वेळी दोघांचे सामने प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. पाहताना लक्ष अडवलेल्या पकपेक्षा अडवल्यानंतर तो कुठे गेला यावर असावे: कोपऱ्यात ढकलला गेला की थेट समोरच्या फॉरवर्डच्या स्टिकवर?

कोणते सामने धरायचे, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ईसीएसी हॉकी या लीगमधील १२ संघांपैकी सहा आयव्ही लीगच्या, म्हणजे हार्वर्डसारख्या जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटातल्या, विद्यापीठांचे आहेत. त्यांचा हंगाम उशिरा सुरू होतो आणि सामनेही कमी असतात, त्यामुळे संपूर्ण हंगामातील विजय मोजले तर हार्वर्ड किंवा कॉर्नेलचा गोलकीपर आपोआप मागे पडतो. लीगचे २२ सामने मात्र सर्वांना सारखेच असतात; तुलना तेवढ्यांचीच करावी. शटआउट (एकही गोल न स्वीकारलेला सामना) आणि विजय यांना मी कमी वजन देतो, कारण दोन्हींत संघाचा वाटा मोठा असतो.

साखळीनंतरच्या प्लेऑफ स्पर्धेतल्या एखाद्या झळाळत्या रात्रीमुळे मत बदलणे, हा मोह टाळायला सर्वांत कठीण आहे. पण त्यासाठी वेगळा मान असू शकतो: हॉकी ईस्ट या लीगमध्ये प्लेऑफ स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूसाठी विल्यम फ्लिन यांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार आहे. ऑल-लीगचा तक्ता त्यामुळे प्लेऑफच्या पहिल्या सामन्याआधीच बंद करावा.