मूकपट कसे शोधावेत

पणजीतल्या ‘इफ्फी’ या चित्रपट महोत्सवाची वाट न पाहता घरबसल्या मूकपट शोधायचे असतील, तर ‘इंटरनेट आर्काइव्ह’ आणि अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ची संकेतस्थळे आधी धुंडाळावीत. प्रवासपटांपैकी सान फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवर १९०६ साली, भूकंपाच्या काही दिवस आधी, केबल कारच्या (रस्त्यातल्या रुळांवरून दोराने ओढल्या जाणाऱ्या ट्रामच्या) पुढच्या टोकावरून केलेले चित्रण प्रथम पाहावे. रुळांवरून आयत्या वेळी बाजूला होणारी माणसे आणि घोडागाड्या त्यात जवळून दिसतात. विनोदी लघुपटांत अमेरिकी विनोदवीर बस्टर कीटनचा ‘वन वीक’ (१९२०) निवडावा. पात्रे अकारण तुरुतुरु धावत असतील, तर वेग थोडा कमी करून पाहावा, कारण सेकंदाला २४ पेक्षा कमी चौकटींनी (फ्रेम्सनी) टिपलेली चित्रफीत पुष्कळदा २४ च्या गतीने संकेतस्थळावर चढवलेली असते. नंतर चिकटवलेले संगीत खटकल्यास खुशाल बंद करावे.