युद्धकवीची कविता त्याच्या आयुष्याशेजारी ठेवून कशी वाचावी

युद्धावर गेलेल्या कवीचे चरित्र आणि कविता एकत्र वाचताना हमखास होणारी चूक म्हणजे कवितेला रोजनिशी समजणे. ती कशी टाळावी, हे इंग्लिश कवी विल्फ्रेड ओवेन (१८९३–१९१८) याच्या उदाहरणाने दाखवता येईल, कारण त्याने आईला लिहिलेली पत्रे आणि कवितांचे खर्डे, दोन्ही आज छापील स्वरूपात मिळतात.

प्रथम कागदावर दोन रकाने आखावेत: डावीकडे घटना, उजवीकडे लेखन. डाव्या रकान्यात जानेवारी १९१७ मधील, पहिल्या महायुद्धातल्या फ्रान्सच्या आघाडीवरचे पहिले दिवस, वसंतात तोफगोळ्याच्या स्फोटाने फेकले जाणे, 'शेल शॉक'चे (युद्धाच्या धक्क्याने होणाऱ्या मानसिक आजाराचे) निदान आणि जूनपासून एडिंबरोच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयातील उपचार येतील. उजवा रकाना मात्र ऑगस्टात तिथे सीगफ्रीड ससून हा सैनिक-कवी भेटल्यानंतरच खऱ्या अर्थाने भरू लागतो. मधली मोकळी जागा घाईने बुजवू नये.

आता एकच घटना घेऊन ती दोन्ही रकान्यांत शोधावी. १६ जानेवारी १९१७ च्या पत्रात ओवेन सांगतो की, पाणी चढत असलेल्या एका भुयारात पंचवीस माणसे पन्नास तास दाटीवाटीने बसून होती. पहारेकऱ्यांना त्याने जिन्यावर अर्ध्यापर्यंत खाली घेतले होते, तरी एक पोरगा स्फोटाने खाली फेकला गेला आणि बहुधा आंधळा झाला. पत्रात त्या पोराच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य येते. 'द सेंट्री' या कवितेत, जी सप्टेंबर १९१८ मध्ये, ओवेन पुन्हा फ्रान्सला गेल्यावर, पुरी झाली, तोच पोरगा मध्यभागी आहे: अधिकारी त्याच्या पापण्यांपाशी ज्योत धरतो, अंधूक उजेड दिसला तरी तू आंधळा नाहीस म्हणतो, आणि शेवटी पोरगा दिवे दिसतात असे ओरडतो तेव्हा ते दिवे केव्हाच विझलेले असतात. पत्रात नसलेली ही ज्योत खरोखर होती का, असे विचारण्यापेक्षा वीस महिन्यांनी कवीला तिची गरज का पडली असे विचारावे. पहारा कुठे बसवायचा हे त्यानेच ठरवले होते, हे पत्रातले वाक्य मग वेगळेच वाटू लागते.

त्यानंतर कविता मोठ्याने वाचावी. ओवेनच्या 'स्ट्रेंज मीटिंग' या कवितेत 'एस्केप्ड'ला 'स्कूप्ड' आणि 'ग्रॉइन्ड'ला 'ग्रोन्ड' जोडलेले आहे. आपल्याकडे 'पार'ला 'पूर' जोडावा तसे, म्हणजे व्यंजने जुळतात, स्वर निसटतो. यमकाला सरावलेल्या मराठी कानाला हे आधी चुकल्यासारखे वाटते, आणि तसेच वाटावे.

आठवणींना मात्र साधन म्हणून वेगळे ठेवावे. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या एक आठवडा आधी, सांब्र-वाझ कालव्यावर मारला गेला. १९२० मध्ये त्याच्या आईने रवींद्रनाथ ठाकुरांना कळवले की, शेवटचा निरोप घेताना त्याने 'गीतांजली'तील ओळी म्हटल्या होत्या आणि परत आलेल्या त्याच्या खिशातल्या वहीत त्याच ओळी, खाली ठाकुरांचे नाव घालून, लिहिलेल्या होत्या. निरोपाचा प्रसंग आईच्या स्मरणातला आहे, वही त्याच्या हातची. दोन्ही नोंदवावेत, पण वेगवेगळ्या शाईने.