सिंगलटनच्या पोटात कोण अडकलंय? डीआय (डिपेन्डन्सी इंजेक्शन) नोंदी तपासण्याचा माझा अनुभव

नोकरीला लागून चार महिने झाले होते. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका आणि पुढे चालत ऑफिस, असा रोजचा क्रम. त्या दिवशी पावसाने गाड्या रखडल्या. साडेअकराला पोचले, छत्री अजून गळत होती, तेवढ्यात लीडने काम दिलं. "डिपेन्डन्सी इंजेक्शनच्या सगळ्या नोंदी तपास गं. कोण किती जगतं आणि कोण कुणाला धरून बसलंय, एवढंच सांग. दुरुस्ती करू नकोस."

डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणजे एखाद्या क्लासला (कोडच्या एका तुकड्याला) लागणाऱ्या सर्व्हिस त्याने स्वतः न बनवता कंटेनर नावाच्या यंत्रणेने बनवून हातात देणं. त्यासाठी प्रत्येक सर्व्हिसची आधी नोंद करावी लागते. मला ती शिक्षा वाटली. पण प्रकल्प खरा कळला तो त्याच तीन आठवड्यांत.

निमित्त एका तक्रारीचं होतं. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर जो पहिला लॉग-इन करेल, त्याचीच शाखा सगळ्यांच्या रिपोर्टवर दिसायची. पुन्हा रीस्टार्ट केलं की शाखा बदलायची, दोष तसाच.

आमचा प्रकल्प डॉटनेटमधला. तिथे नोंदवलेल्या सर्व्हिसची आयुष्यं तीन. सिंगलटन ॲप्लिकेशन सुरू असेपर्यंत एकच, स्कोप्ड दर रिक्वेस्टला एक, आणि ट्रान्झियंट मागाल तेव्हा नवी. इंटरव्ह्यूत हे मी पाठ म्हणून दाखवलं होतं. लीडची व्याख्या वेगळी होती. सिंगलटन म्हणजे सोसायटीची टाकी, स्कोप्ड म्हणजे एका घराचा हंडा, ट्रान्झियंट म्हणजे कागदी पेला. "आणि टाकीत हंडा पडला की तो सगळ्या बिल्डिंगचा होतो." पेला पडला तर तोही टाकीएवढाच टिकतो, हे मात्र मला नंतर उमगलं.

सुरुवातीला मी प्रोग्रॅम फाइल उघडून 'ॲड'ने सुरू होणाऱ्या ओळी मोजल्या. नव्वदेक भरल्या. ही मोजणी फुकट गेली, कारण एकेका ओळीमागे एक्स्टेन्शन मेथड, म्हणजे तयार फंक्शन, असते आणि ती आत वीस नोंदी टाकते. कंटेनर बांधण्याआधी सर्व्हिस कलेक्शन, म्हणजे सगळ्या नोंदींचा साठा, ही साधी यादीच असते. बिल्डच्या अलीकडे तिच्यावर लूप फिरवा. प्रत्येक नोंदीचा सर्व्हिस टाइप, इम्प्लिमेंटेशन आणि आयुष्य छापा. माझ्याकडे तीनशेच्या वर नोंदी निघाल्या. निम्म्याहून जास्त फ्रेमवर्कने आपणहून टाकलेल्या. त्या गाळल्या आणि उरलेल्या एक्सेलमध्ये घेतल्या. माझ्या कॉलमांत सर्व्हिस, आयुष्य, कुणी नोंदवली, कोण मागतं आणि शेरा होते. 'कोण मागतं' भरायला सगळ्यात वेळ लागतो, कारण त्यासाठी एकेक कन्स्ट्रक्टर (क्लास बनताना चालणारा, त्याला काय हवं ते मागणारा कोड) उघडावा लागतो. ऑडिट खरं तिथेच होतं.

आमचा चोर तिथेच सापडला. रिपोर्ट कॅशे (रिपोर्टची माहिती साठवून ठेवणारा क्लास) सिंगलटन होता आणि कन्स्ट्रक्टरमध्ये 'चालू वापरकर्ता' ही स्कोप्ड सर्व्हिस मागत होता. ती स्वतः जन्मताच शाखा वाचून ठेवायची. पहिल्या रिक्वेस्टला कॅशे बनला, त्याने तिला धरलं ते कायमचं.

पण डेव्हलपमेंटमध्ये तर फ्रेमवर्क स्वतःच स्कोप (स्कोप्ड सर्व्हिस जगते ती हद्द) तपासतं आणि सिंगलटनने स्कोप्डला धरलेलं दिसलं की एरर फेकतं. मग इतके दिवस कुणाच्या मशीनवर ते का फुटलं नाही? दोन दिवस हाच प्रश्न डोक्यात. उत्तर एका सेटिंगमध्ये होतं. कुणीतरी कधीकाळी सगळ्यांच्या मशीनवर एन्व्हायर्न्मेंटचं, म्हणजे ॲप्लिकेशन कुठल्या वातावरणात चालतंय ते सांगणारं, नाव 'लोकल' ठेवलं होतं. ही तपासणी आपोआप चालू होते ती नाव 'डेव्हलपमेंट' असेल तेव्हाच. नवीन प्रकल्पात गेलात की ते नाव आधी बघा.

बाकीचे दोष नेहमीचेच. रात्रीचा बॅकग्राउंड जॉब डीबीकॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारा क्लास) थेट कन्स्ट्रक्टरमध्ये घेत होता. असा जॉब सिंगलटन असतो आणि डीबीकॉन्टेक्स्ट स्कोप्ड, म्हणून स्कोप फॅक्टरी (नवा स्कोप बनवून देणारी सर्व्हिस) घेऊन प्रत्येक फेरीला नवा स्कोप उघडायचा. एसएमएस पाठवणारी सर्व्हिस दोनदा नोंदवलेली. एकच मागितली तर शेवटची नोंद जिंकते, आणि शेवटची होती कुणाच्या तरी टेस्टिंगची नकली. 'ट्रायॲड' या नोंद करण्याच्या दुसऱ्या पद्धतीचं याच्या उलट : आधी नोंद असेल तर ते गप्प बसतं. त्यामुळे ओळींचा क्रम हाही तपासायचा विषय आहे.

आता माझा मूर्खपणा. एका नोंदीचे संदर्भ शोधले, एकही सापडला नाही. ती मेलेली समजून मी काढून टाकली, लीडने बजावलेलं असूनही. महिनाअखेरीचा जॉब पडला. त्या जॉबला क्लासचं नाव डेटाबेसच्या टेबलातून मिळायचं आणि तो कंटेनरकडे ते नावाने मागायचा. एडिटरला हे कसं दिसणार? लीड ओरडली नाही. फक्त म्हणाली, "शेरा कॉलम कशाला आहे?" तेव्हापासून संशयित नोंदीपुढे मी 'विचारायचं' लिहिते आणि पुढे सरकते.

शेवटी एक टेस्ट लिहिली. कंटेनर बांधायचा आणि स्कोपची तपासणी व बिल्डवेळची तपासणी (कंटेनर बांधतानाच सगळ्या नोंदी बनतात का ते बघणं) दोन्ही चालू ठेवायच्या. पहिल्याच दिवशी ती लाल झाली आणि टीममध्ये माझी थोडी इज्जत वाढली. पण तिच्यावर विसंबू नका. फॅक्टरी लॅम्डाच्या (सर्व्हिस हाताने बनवणाऱ्या छोट्या फंक्शनच्या) आत काय मागितलंय ते बिल्डच्या वेळी तिला दिसत नाही, ओपन जेनेरिक (नेमका टाइप नंतर ठरणाऱ्या) नोंदी ती सोडून देते, आणि कंट्रोलर (रिक्वेस्ट हाताळणारे क्लास) मुळात नोंदवलेलेच नसतात, म्हणून त्यांचे कन्स्ट्रक्टर तिच्या नजरेतून सुटतात. एवढ्यांसाठी कागद-पेन्सिल घेऊन बसावंच लागतं.

ते एक्सेल अजून चालू आहे. नवीन मुलं आली की पहिल्या आठवड्यात त्यांच्या हातात देते. दोन ओळींपुढे अजूनही 'विचारायचं' आहे. ज्याला विचारायचं तो पुण्याला गेलाय, आणि मेसेजला रात्री अकरानंतर उत्तर देतो.