एसी सर्किटमध्ये सरासरी पॉवर काढताना आधी करंट काढा

एसीच्या गणितात पॉवर चुकते ती बहुतेक वेळा चुकीच्या जागचं व्होल्टेज उचलल्यामुळे. माझं घोडं बरेच दिवस इथेच अडलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

समजा ३० ओहमचा रेझिस्टर आणि ४० ओहम रिअ‍ॅक्टन्सची आदर्श कॉइल सिरीजमध्ये आहेत (रिअ‍ॅक्टन्स म्हणजे कॉइल किंवा कपॅसिटरचा एसीला होणारा विरोध), सप्लाय २०० व्होल्ट आरएमएस, म्हणजे पॉवरच्या हिशेबात वापरायचं परिणामी मूल्य. इंपीडन्स, म्हणजे सर्किटचा एकूण विरोध, ३० आणि ४० च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, ५० ओहम; करंट ४ अँपिअर. इथवर सगळे नीट येतात. मग डीसीच्या सवयीने हात व्होल्टेजच्या वर्गाला रेझिस्टन्सने भागायला जातो: ४०,००० भागिले ३०, म्हणजे १३३३ वॅट. साफ चूक! सूत्र खरं आहे, पण त्यात रेझिस्टरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज लागतं, सप्लायचं नाही. रेझिस्टरवर ४ गुणिले ३०, म्हणजे १२० व्होल्टच आहेत. त्याचा वर्ग भागिले ३० केलं की ४८० वॅट येतात.

कॉइलवर १६० व्होल्ट असतात. १२० आणि १६० मिळून २०० कसे, असं वाटलं तर फेजर, म्हणजे व्होल्टेज बाणांनी दाखवणारी आकृती, काढा. दोन्ही व्होल्टेज पाव सायकलने मागेपुढे आहेत. कॉइल पाव सायकल ऊर्जा साठवते, पुढच्या पाव सायकलमध्ये परत करते. तिची सरासरी पॉवर शून्य.

म्हणून माझा हट्ट असा, की सिरीजमध्ये करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स हेच करायचं. पडताळ्याला २०० गुणिले ४ गुणिले पॉवर फॅक्टर. तो म्हणजे रेझिस्टन्स भागिले इंपीडन्स, ३० भागिले ५०, म्हणजे ०.६, कोन काढत बसू नका. पुन्हा ४८० येतात.

ट्रिकांच्या चिठ्ठ्या पाठ करून घेणाऱ्या शिक्षकांपेक्षा दर वेळी फेजर काढायला लावणारे शिक्षक धरा, ते कितीही संथ वाटोत. कारण याच सर्किटमध्ये ४० ओहम रिअ‍ॅक्टन्सचा कपॅसिटर सिरीजमध्ये जोडला की रिअ‍ॅक्टन्स कटतो, करंट ६.६७ अँपिअर होतो आणि १३३३ वॅट हेच बरोबर उत्तर ठरतं. रेझोनन्सला, म्हणजे असं कटाकटी होतं तेव्हा, चालणारी ट्रिक इतरत्र मार्क घालवते.

सुरुवातीला गोंधळ होणारच, घाबरू नका. आठवडाभर रोज दोन-तीन गणितं दोन्ही रीतींनी सोडवलीत की हात बसतो. आणि उत्तर नेमकं दुप्पट आलं, ४८० च्या जागी ९६०, तर प्रश्नात २८३ साइन ३१४ टी असं दिलंय का बघा. तिथले २८३ हे पीक, म्हणजे सर्वोच्च व्होल्टेज आहे. आधी २ च्या वर्गमुळाने भागून आरएमएस काढा.